मुद्देमालासकट

बातमी आली तेव्हा आमच्याकडं नळ आले होते. संभाजीनगरात राहणाऱ्याला याच्यापुढं काही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडं नळ रोज येत नाहीत, आणि ज्या दिवशी येतात त्या दिवशी माणूस दुसरं काही करत नाही. मी एक पाइप ड्रममध्ये सोडून दुसरा हातात धरून उभी होते, तेवढ्यात माझ्या भाच्याचा, संदीपचा फोन आला. "मामी... आई गेली. चहा मागितला तिनं, आणि मी घेऊन येईस्तोवर..." मी फोन कानाला धरून तशीच उभी. ड्रम भरला, वाहायला लागला, पाणी उंबऱ्यावरून गल्लीत गेलं. शेजारच्या काकू तावातावानं आल्या, "अहो, पाणी चाललंय सगळं, लक्ष कुठंय तुमचं?" मी म्हटलं, "अक्का गेल्या." त्यांनी माझ्या हातातला पाइप काढून घेतला आणि आमचे उरलेले हंडे भरून दिले. हे सगळं मी इतकं तपशिलात सांगतेय, कारण अक्कांना हेच आवडलं असतं. दुःख किती झालं ते त्यांना सांगून चालत नसे. ड्रम वाहिला, एवढं त्यांना पुरे होतं.

विमलअक्का माझ्या थोरल्या नणंद. मूळच्या पिशोरच्या, शिकून शहरात आल्या आणि न्यायालयात नोकरीला लागल्या त्या निवृत्त होईपर्यंत तिथंच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळे मला सांगायचे, सासूला भिऊ नको, नणंदेला भी. खरंच होतं ते. बुटक्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा, आणि समोरच्याचं बोलणं संपायच्या आत मान हलवायची सवय. न्यायालयात त्यांच्याकडं मुद्देमालाची खोली होती. गुन्ह्यात जप्त झालेल्या वस्तू, म्हणजे मुद्देमाल, त्या खोलीत ठेवतात, आणि प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधतात. अक्कांनी जन्मभर त्या चिठ्ठ्या लिहिल्या. 'चप्पल, डाव्या पायाची.' 'जेवणाचा डबा, झाकण नाही.' कचेरीतला एक स्टेनो कविता करायचा. तो एकदा चिठ्ठ्या वाचत उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, तुम्ही तर हायकू लिहिता."

"ते काय असतंय?"

"जपानी कविता. तीनच ओळींची."

"एवढ्याशा कामाला जपान कशाला पाहिजे रं?" अक्का म्हणाल्या. पण शब्द डोक्यात बसला. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या बायका मनीप्लांट लावतात, अक्कांनी हायकूची बैठक लावली.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत, नईमभाईंच्या कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर अक्कांचं घर. दर रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही चारदोन माणसं तिथं जमायचो. जिना चढून गेलं की आधी दाराशी गाठ पडायची. दाराची वरची बिजागरी सैल झालेली, त्यामुळं दार खाली बसलं होतं आणि फरशीला घासायचं. घासून घासून फरशीवर अर्धगोल पांढरा ओरखडा उमटला होता. लावताना कडी धरून दार जरा वर उचलायचं, मग ते चौकटीत बसायचं. कुणी नुसतं ढकललं, की आतून अक्कांचा आवाज यायचा, "उचलून लाव!" नवा असो, जुना असो, मोठा असो. गल्लीतले नगरसेवक मतं मागायला आले तेव्हा त्यांनाही अक्का आतूनच म्हणाल्या होत्या, "उचलून लावा," आणि त्यांनी मुकाट्यानं उचलून लावलं होतं. संदीप दर दिवाळीला म्हणायचा, आई, सुतार आणतो. अक्का म्हणायच्या, "माझ्या कानाला कळतंय कोण आलं ते. राहू दे."

खोलीच्या मध्ये एक पितळी परात ठेवलेली असायची. बैठकीचा कायदा एकच होता. ज्या वस्तूवर हायकू लिहिलाय ती वस्तू आधी परातीत ठेवायची, मग वाचायचं. "मुद्देमाल हजर करा," अक्का म्हणायच्या. हायकू पसंत पडला तर म्हणायच्या "दाखल." नाही पडला तर "तारीख." म्हणजे पुढच्या रविवारी पुन्हा. आमच्यातल्या काही हायकूंना इतक्या तारखा पडल्या, की दिवाणी दावा परवडला.

मी पहिल्यांदा गेले ती समुद्रावरचा हायकू घेऊन. पोस्टातली नोकरी संपली होती, हाताशी वेळ होता, आणि मला वाटायचं कविता म्हटली की समुद्र पाहिजे. लाटा, किनारा, एकाकी पक्षी, सगळं घातलं होतं. तीन ओळींत जेवढं कोंबता येईल तेवढं कोंबलं होतं. अक्कांनी परात माझ्यापुढं सरकवली.

"अहो अक्का, समुद्र कसा आणू?"

"बघितलाय का तू?"

"एकदा. ट्रिपला."

"मग मीठ आण," अक्का म्हणाल्या. "घरात हाय ना? रोज हात लागतो ना त्याला? समुद्रानं तुझ्या घरी धाडलेलं तेवढंच हाय. तारीख."

राग आला मला. जिना उतरताना मी मनातल्या मनात त्यांना जे म्हटलं ते इथं छापता येणार नाही. पण आठवडाभर स्वयंपाक करताना मिठाच्या बरणीकडं बघत राहिले. आषाढ होता, मीठ ओलं होऊन दगड झालं होतं, चमचा त्यात रुतून बसलेला. पुढच्या रविवारी बरणी पदराखाली झाकून घेऊन गेले, जणू चोरीचीच होती, आणि परातीत ठेवून वाचलं:

मीठ-बरणी
आषाढात चमचा
निघेना वर

अक्कांनी बरणी उचलली, चमचा ओढून बघितला. खरंच निघाला नाही. "दाखल," म्हणाल्या, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मला आजवर पुष्कळ गोष्टींबद्दल शाबासकी मिळाली आहे, पोस्टातून निघताना शाल-श्रीफळही मिळालं. पण त्या 'दाखल'ची सर कशालाच नाही.

नईमभाई आधी फक्त ऐकायला यायचे. खाली दुकान, रविवारची दुपार मंदीची, वर चहा मिळतो म्हणून यायचे असं ते स्वतःच सांगतात. एकदा अक्का त्यांना म्हणाल्या, "भाई, फुकटचा चहा पुरे. तुमच्या दुकानात काय हाय ते आणा." नईमभाईंनी पुढच्या खेपेला खांद्यावर पॉपलिनचं ठाण टाकून आणलं. "हौ अक्का, मुद्देमाल हाजिर है," म्हणाले आणि जरा लाजत वाचलं:

उलगडले
ठाण पुन्हा गुंडाळी
दुकानदार

अक्कांनी ठाणाची कड चिमटीत धरून बघितली. मग म्हणाल्या, "न घेता गेलेलं गिऱ्हाईक दिसतंय मला दुकानाची पायरी उतरताना." नईमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले कॉटनची धूळ गेली.

आणि प्राजक्ता. ती करमाडची, शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनिअर, आमच्यात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त वाचलेली. तिचा पहिला हायकू बर्फावर गळणाऱ्या चेरीच्या पाकळ्यांचा. शब्द सुरेख होते, मला तर आवडला होता. अक्कांनी परात सरकवली. प्राजक्तानं हुशारीनं मोबाइल काढून परातीत ठेवला, त्यात चेरीच्या झाडाचा फोटो. अक्का म्हणाल्या, "फोटो साक्षीदार असतो पोरी, मुद्देमाल नसतो. आन् साक्षीदार फुटतो." पोरगी हसायला लागली. दुसरी एखादी रुसून गेली असती, ही पुढच्या रविवारी गळ्यातली कंपनीची पट्टी काढून परातीत ठेवून बसली:

कंपनी बस
झोपलेल्या गळ्यात
ओळखपत्र

मला विचाराल तर आमच्या बैठकीतला हा सगळ्यात चांगला हायकू, आणि हे मी अक्कांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "व्हय. माझ्यापेक्षा बी चांगला." असं म्हणायला त्यांना जड जात नसे, कारण आपण चांगलं लिहितो याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

एकदा बाहेरगावचे एक कवी आमच्याकडं आले. मोठं नाव, चार ठिकाणी सत्कार झालेले. अक्कांनी त्यांना आपला एक हायकू ऐकवला. मुद्देमाल म्हणून परातीत मोडक्या दातांचा एक कंगवा, त्यात दोन केस अडकलेले.

नळ आले गं —
अर्ध्या वेणीची पोर
आरशापुढे

पाहुण्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "सुंदर. फक्त एक दुरुस्ती सुचवू का? नळ येत नाहीत, नळ असतात. पाणी येतं." आम्ही सगळे अक्कांकडं बघायला लागलो. अक्का अजिबात चिडल्या नाहीत. "तुमच्याकडं पाणी येत आसंल," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं नळच येतात, पाव्हण्यावानी. कधी येतील, किती वेळ बसतील, काय सांगता येत नाय. आले की आधी त्यांचं बघायचं, मग लेकराचं." पाहुणे दिलखुलास हसले, म्हणाले, "मग राहू द्या नळच." जाताना दार नुसतं ओढलं त्यांनी. पुढचं सांगायला नको.

मला मात्र या कायद्यात एक खोट दिसायची आणि मी ती बोलून दाखवायची. मी म्हटलं, "अक्का, मीठ ठीक, कंगवा ठीक. पण माणसाला आयुष्यात डबा-बरणीच असते का? प्रेम असतं, माणूस जातो, एकटं वाटतं. त्याचा मुद्देमाल कुठून आणायचा?" त्या म्हणाल्या, "जी वस्तू आणता येत नाय, तिच्या बाजूची आण." मी म्हटलं, हे बोलायला सोपं. पण पुढच्या रविवारी परातीत त्यांनी एक बारकी गंजलेली किल्ली ठेवली. त्यांचे यजमान संदीप शाळेत असतानाच वारले होते. इतक्या वर्षांत अक्कांच्या तोंडून मी त्यांच्याबद्दल कधी चार वाक्यं सलग ऐकली नव्हती.

खिळ्याला किल्ली
सायकलची आहे
सायकल नाही

शेवटच्या ओळीत एक अक्षर जास्त झालं होतं. पाच-सात-पाच मोजायची प्राजक्ताला सवय, तिची बोटं मांडीवर हलली, पण तिनं ती लगेच मिटून घेतली. 'दाखल' कुणी म्हणायचं हेही कुणाला कळेना... अक्कांनीच किल्ली उचलली, भिंतीवरच्या खिळ्याला परत लावली, आणि म्हणाल्या, "चहा गार होतोय." त्या दिवसापासून मी वाद घालायचं सोडलं.

शेवटची भेट जाण्याच्या आदल्या आठवड्यातली. त्यांना दम लागत होता म्हणून रविवारची बैठक झाली नव्हती. मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा घेऊन गेले, डॉक्टरांनी तिखट बंद केलं होतं तरी. त्या दिवाणावर उशीला टेकून बसल्या होत्या. ठेचा बघून खूश झाल्या. मग म्हणाल्या, "सुनंदा, मी गेल्यावर लई लोक माझ्यावर बोलतील बघ. दीपस्तंभ म्हणतील. मला सांग, संभाजीनगरात दीपस्तंभ कुठं हाय?"

मला हसू आवरेना. "वटवृक्ष म्हणतील," मी म्हटलं.

"म्हणू दे. पण फांदी आणायला लाव." मग जरा दम खाऊन म्हणाल्या, "तू लिहिशील ना माझ्यावर? मुद्देमालासकट लिही. नायतर नको लिहू. आन् बैठक बंद करू नका. माझ्या नावानं तर मुळीच चालवू नका, नुसती चालवा."

तर हे काम त्यांनी मला लावून दिलं होतं. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या, कार्यक्रमाला दुसऱ्याच वक्त्यानं त्यांना 'दीपस्तंभ' म्हटलं तेव्हा मी आणि नईमभाईंनी एकमेकांकडं बघितलं, आणि दोघांनाही रुमाल तोंडावर धरावा लागला. लोकांना वाटलं आम्ही रडतोय. तसे रडतही होतोच. पण वक्त्यांना हसणं सोपं, माझ्या हातून तरी काय होत होतं? मी त्यांचा चष्मा घेऊन बसले, तर चष्म्यावर प्रत्येक गेलेल्या माणसाचा हक्क असतो. अंबाड्याचा आकडा घेऊन बसले, तर नुसतं रडू आलं, ओळ आली नाही. त्या पितळी परातीवर तीन ओळी केल्या, पण मीच त्यांना तारीख दिली, कारण परात बैठकीची होती, अक्कांची नव्हती. अक्का आधी वस्तू बघायच्या, माणूस त्यात आपोआप दिसायचा; मी आधी माणूस धरून मग त्याला वस्तू शोधत होते, म्हणजे बरोबर उलटं. आमचे हे म्हणाले, "लिहून टाक ना काहीतरी, अक्का काय बघायला येणारंय का?" एवढ्या वर्षांत त्यांना आपली बहीण कळली नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. हा एक हायकू चुकला असता तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

मधल्या काळात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. प्रत्येक येणारा दार घासायचा, तो आवाज संदीपला सोसेना. आवाज झाला की आतल्या खोलीकडं कान लागतात मामी, तो म्हणाला. शेवटी त्यानं सुतार बोलावला. नवी बिजागरी बसवली, खालची कड रंधली. दार आता एका बोटानं लागतं, आवाजाशिवाय. दिसतंही चांगलं. फरशीवरचा ओरखडा मात्र तसाच आहे.

मग पुन्हा बैठक भरली. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता, रविवार होता एवढंच. मी लवकर पोचले आणि परातीपाशी रिकाम्या हातानं बसले. अक्कांची जागा रिकामी ठेवायची की कुणी बसायचं, हे मनात घोळत होतं. आज कुणी आलं नाही तर बैठक संपली, हेही कळत होतं. जिन्यावर पावलं वाजली. नईमभाई आले, आत आले, मागं वळून कडी धरली, दार जरा वर उचललं आणि लावलं. मग प्राजक्ता आली. तिनंही कडी धरली, खांदा जरा वर केला, दार उचललं, लावलं. दोघांनाही पत्ता नव्हता आपण काय केलं त्याचा. संदीप दूध घेऊन आला. सुतार ज्यानं आणला होता त्या संदीपनं, एका हातात पिशवी असताना, दुसऱ्या हातानं दार उचलून लावलं.

माझ्या अंगावर काटा आला. मी प्राजक्ताकडं पेन मागितलं आणि तिथंच बसून लिहिलं. वाचायची वेळ आली तेव्हा नईमभाई अक्कांच्या नेहमीच्या धाकानं म्हणाले, "भाभी, मुद्देमाल?"

मी म्हटलं, "परातीत मावणार नाही. तुम्ही सगळे तो हाताळूनच आत आलात." आणि वाचलं:

दुरुस्त दार
प्रत्येक हात तरी
उचलतोच

नईमभाईंनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं... संदीप उठून दारापाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात प्राजक्ता हळूच म्हणाली, "काकू, रागवू नका. 'तरी' पण आहे आणि 'तोच'मधला 'च' पण आहे. दोन्ही कशाला? आणि 'प्रत्येक' म्हणजे मत झालं ना? चिठ्ठीवर काय आहे तेवढंच लिहायचं."

भर दुःखात या पोरीनं माझा हायकू अडवला! क्षणभर तोच जुना राग आला, समुद्राच्या वेळचा, अगदी तसाच. आणि त्या रागानंच मला कळलं की बैठक जागेवर आहे. अक्का असत्या तर नेमकं हेच म्हणाल्या असत्या, फक्त 'रागवू नका' म्हणाल्या नसत्या. आम्ही चहा होईपर्यंत त्या एका ओळीवर भांडलो. नईमभाई हिंदीत, प्राजक्ता बोटं मोजत, संदीप आयुष्यात पहिल्यांदाच बैठकीत तोंड घालत. शेवटी झालं ते असं:

दुरुस्त दार
आत येणारा हात
उचलतोच

"दाखल," नईमभाई म्हणाले. परात रिकामीच राहिली आणि तिच्याभोवती आम्ही चहा प्यायलो.

निघताना मी शेवटची होते. पुढच्या रविवारी काय आणायचं याचा विचार डोक्यात सुरू झाला होता. सध्या आमच्या ड्रमच्या झाकणावर माझा डोळा आहे. चपला घातल्या, बाहेर आले, दार ओढून घेतलं. ते आपोआप, गुपचूप लागत आलं होतं, एवढ्यात आतून संदीप सवयीनं ओरडला, "मामी, उचलून लाव!"

ओरडला आणि गप्प झाला. मीही बाहेर तशीच थांबले.

मग कडी धरली, आणि चांगलं उचलून लावलं.